बाईकवर कॅम्पिंग: तंबू कुठला घेऊ? (भंडारदरा + कोकण, डिसेंबर)

घाटवळण_पुणे
मंडळी नमस्कार. मी आणि माझा मावसभाऊ डिसेंबरात आठवडाभर निघतोय, माझी क्लासिक ३५० आणि त्याची एक्सपल्स. आधी दोन रात्री भंडारदरा, रतनवाडीच्या बाजूला, मग पुण्यात परत येऊन ताम्हिणीतून खाली उतरायचं, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून जेट्टीने वेश्वी, वेळास, आंजर्ले, आणि दाभोळला परत फेरीबोट पकडून गुहागर. आजवर सगळं लॉजवर राहून केलंय, या वेळी तंबूतच झोपायचं पक्कं आहे. तंबू, झोपायचं सामान धरून दोघांचं मिळून बजेट १५,०००. दुकानात जाऊन आलो तर डोकं भंजाळलं, एक म्हणतो ३००० एमएमच घ्या, दुसरा म्हणतो हवेत फेकला की आपोआप उघडणारा घ्या, मला तो आवडला पण खरं. दोघांचा घ्यावा की तिघांचा? कोकणात स्लीपिंग बॅग लागते का? आणि एवढं सगळं गाडीला बांधता कसं? वापरलेल्यांनीच सांगा प्लीज.

सड्यावरचा_रत्नागिरी
फेकून उघडणारा नको भावा. घडी केला की त्याची परातीपेक्षा मोठी गोल चकती होते, ती बाईकवर आडवी बांधली तर दोन्ही बाजूंनी बाहेर आणि उभी बांधली तर वाऱ्याला शीड. कारवाल्यांसाठी ठीक आहे तो. तुला असा पाहिजे की ज्याच्या काड्या दुमडून हातभर लांबीच्या होतात आणि गुंडाळी मागच्या सीटवर आडवी मावते.

पण त्याच्या आधी जमिनीचा विचार कर, कारण तू एका ट्रिपमध्ये तीन प्रकारच्या जमिनीवर झोपणार आहेस. भंडारदऱ्याला शेताची माती, तिथे खुंट्या छान बसतात. आमच्याकडे सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सगळा जांभा दगड, खुंटी बोटभर पण आत जात नाही. आणि पुळणीवर जाते पण धरत नाही, वारा आला की सरळ उपटून येते. म्हणून स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा डोमच घे, खुंट्यांशिवाय निदान उभा तरी राहतो. कातळावर दोऱ्या दगडांना बांधायच्या, आणि इथे एक गोष्ट जपून, दगड थेट हाताने उचलू नकोस, आधी काठीने पलटव, आमच्याकडे फुरसं, विषारी साप, असतं दगडाखाली. वाळूत खुंटीच्या जागी रिकाम्या पिशव्यांमध्ये वाळू भरून, दोरी बांधून हातभर खोल पुरायच्या, त्या हलत नाहीत.

काड्या ॲल्युमिनियमच्या मिळाल्या तर दोन पैसे जास्त गेले तरी घे. माझ्या पहिल्या तंबूच्या फायबरच्या होत्या, रात्री दोनला वारा सुटला आणि एक काडी जोडाजवळ उभी चिरली, अंधारात ती दाबून धरायला गेलो तर बारीक बारीक कुसळं तळहातात घुसली, सकाळपर्यंत एका हाताने कापड धरून बसलो होतो.

३००० एमएम म्हणजे तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ ते कापड गळू न देता पेलतं. डिसेंबरात अवकाळीची एखादी सर धरली तरी वरच्या कापडाला २००० भरपूर झालं. तुमचा खरा प्रॉब्लेम पाऊस नाही, दव आहे. एकाच कापडाचा तंबू घेतलात तर दोघांच्या श्वासाची वाफ आत धरते आणि पहाटे डोक्यावर टपटप सुरू होतं. आत जाळी आणि वरून वेगळं कापड असा दुहेरी घ्या, दोन्ही कापडं एकमेकांना चिकटणार नाहीत इतकं ताणून बांधा आणि थंडी वाजली तरी वरची खिडकी बंद करू नका. झाडाखाली दव कमी पडतं हे खरं, पण माडाखाली तंबू अजिबात नाही, नारळ तर नारळ, सुकलेली झावळी पडली तरी तंबू फाटून डोक्यात.

एकटीच_सातारा
मी बहुतेक वेळा एकटी फिरते, माझ्याकडे दोघांचा तंबू आहे आणि त्यात मी आणि माझं सामान बरोब्बर बसतं. म्हणजे तुम्हा दोघांना तिघांचाच लागेल, हेल्मेटं, जॅकेटं, बूट बाहेर ठेवून चालत नाही, दवात भिजतात आणि बुटात काय शिरेल सांगता येत नाही.

वरच्या दादांनी तंबूचं सगळं सांगितलंय, मी झोपेचं सांगते, कारण पैसे तिथे घालायला हवेत. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. स्लीपिंग बॅगचा खालचा भाग अंगाखाली दबला की त्यात हवा राहत नाही आणि ऊब पण नाही, म्हणून खाली फोमची चटई पाहिजेच पाहिजे. घडीची फोमची घ्या, फुगवायची नको, करवंदीचा एक काटा आणि संपलं. भंडारदऱ्याला डिसेंबरात पहाटे पारा १० च्या आसपास येतो, पाण्याकाठी अजून बोचतं. बॅगेच्या लेबलवर कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम असे आकडे असतात, त्यातला कम्फर्टचाच बघा. एक्स्ट्रीम म्हणजे फक्त जीव वाचेल, झोप नाही. दुकानदार नेमका तोच आकडा मोठ्याने सांगतात. कोकणात मात्र बॅगेत शिरायची गरज नाही, चटईवर एक चादर अंथरा आणि बॅगेची चेन उघडून ती पांघरा.

आणि कळकळीने सांगते, वेळास, आंजर्ल्याच्या पुळणीवर तंबू टाकू नका. साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं तिथे रात्री अंडी घालायला येतात, माणूस आणि टॉर्च दिसला की मादी तशीच माघारी पाण्यात जाते. मी वेळासला एकदा पहाटे पिल्लं समुद्रात सोडताना बघितलीत, तळहाताहून लहान, ओल्या वाळूवर त्यांच्या पायांच्या बारीक रेघा उमटतात. त्या गावात घरगुती राहायची सोय आहे, तंबूच हवा असेल तर कुणाच्या तरी वाडीत विचारून टाका. रतनवाडी पण अभयारण्यात येते, नाक्यावर फी भरा, गावात विचारून शेतात जागा घ्या, जेवण त्यांच्याकडेच सांगा, आणि शेकोटी त्यांना विचारल्याशिवाय नको. एकटी असले की मी उजेड असतानाच गावात पोचते आणि आधी पोलीस पाटलांचं घर विचारते, आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

चेनस्प्रॉकेट_कोल्हापूर
बांधायचं मी सांगतो. बंजी, म्हणजे हुकवाली रबरी दोरी, नको. हुक सुटला तर डोळ्यात येतो नाहीतर मागच्या चाकात जातो, आणि चालू गाडीत चाक जाम म्हणजे माणूस खाली. बकलवाले चपटे पट्टे घे, बांधून झाल्यावर लोंबणारं टोक गुंडाळून आत खोच. जड सामान खाली आणि पुढे, म्हणजे स्टोव्ह, हत्यारं, पाणी सॅडलबॅगेत तळाला. तंबू आणि चटया हलक्या, त्या वर मागे. सायलेन्सरच्या बाजूची बॅग नुसती बघून सोडू नकोस, सामान भरून कुणाला तरी मागे बसव आणि सस्पेन्शन दबल्यावर किती गॅप राहतो ते बघ. माझ्या बॅगेचं रेनकव्हर असंच दबून चिकटलं, कराडच्या पुढे जळका वास आला तेव्हा कळलं, स्वेटरला मुठीएवढं भोक पडलं होतं. मागच्या शॉकला प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, एक दोन घर वाढव, हवा मॅन्युअलमध्ये लोडसाठी दिलीय तेवढी भर, पहिल्या ५० किलोमीटरला थांबून सगळे पट्टे परत आवळ.

आणखी एक, साइड स्टँडखाली ठेवायला प्लायचा हाताएवढा तुकडा ने. वाळूत, ओल्या शेतात स्टँड हळूहळू रुततो आणि पहाटे गाडी आडवी. म्हणूनच गाडी तंबूला चिकटून लावायची नाही, पडली तर बाहेरच्या बाजूला पडेल अशी लावायची.

घाटवळण_पुणे
ताई, दोघाही दादांनो, मनापासून थँक्यू. तिघांचा दुहेरी डोम, ॲल्युमिनियम काड्या, दोन फोमच्या चटया, बॅगा कम्फर्ट १० वाल्या, ठरलं. वेळास, आंजर्ल्याला वाडीत विचारणार. एकच राहिलं, गुहागरला पुळणीवर टाकला तर पाण्यापासून किती लांब?

सड्यावरचा_रत्नागिरी
लांबी मोजू नकोस, रेष बघ. वाळलेलं शेवाळ आणि काटक्यांची जी सगळ्यात वरची रेष दिसते तिच्याही वर, सुरूच्या बाजूला. तुमच्या तारखांना अमावास्या पौर्णिमा येतेय का बघ, तेव्हा उधाण असतं, पाणी रोजच्यापेक्षा वर येतं. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, संध्याकाळी कुणाही खारव्याला, म्हणजे मासेमाराला, विचार, रात्री किती वाजता पाणी भरणार ते तो घड्याळ न बघता सांगेल. आणि तिथेही आधी गावात कासवांचं विचारून घे.