डहाणूतल्या धवलेरी आजींना मदत करायची आहे, त्यांचा मान न दुखावता. मार्ग सुचवा

नमस्कार मंडळी,

मी डहाणू तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यात अकरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आहे. आमच्या पाड्यावर एक वारली धवलेरी आजी आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: वारल्यांच्या लग्नात ब्राह्मण नसतो, लग्न लावते ती धवलेरी. सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मधोमध पालघट ही लग्नाची देवी, शेजारी पंचशिऱ्या हा पाच शिरांचा देव. तेव्हा धवलेरी गात असते. ही गाणी कुठे लिहिलेली नाहीत. आसपासच्या सात-आठ पाड्यांवरची लग्नं गेली कित्येक वर्षं याच आजी लावत आल्या आहेत.

आता अडचणी सांगते.

आजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्या विधवा आहेत, मुलगा नाही, पुतण्याच्या घरी पडवीत राहतात. पेन्शन नाही. आधार कार्डावर वय ५८ आहे. पण १९४५ साली वारल्यांचा जमीनदारांविरुद्ध लाल बावट्याचा उठाव झाला तेव्हा आपण आईच्या कडेवर होतो असं त्या सांगतात, म्हणजे वय ऐंशीच्या घरात आलं. अंगठा मशीनवर उमटत नाही, डोळ्यांचं स्कॅनही मोतीबिंदूमुळे होत नाही. दोनदा मी त्यांना घेऊन तालुक्याला गेले, दोन्ही वेळा दिवस मोडला आणि हात हलवत परत आलो.

पैसे गोळा करणं मला अवघड नाही. भीती वेगळीच आहे. दोन वर्षांपूर्वी शहरातली काही मंडळी आली होती. हेतू चांगलाच होता त्यांचा. अंगणात खुर्चीवर बसवून आजींकडून लग्नाची गाणी म्हणवून घेतली, रेकॉर्ड केली, आणि सगळ्या पाड्यासमोर पाच हजार रुपये आणि शाल दिली. पुढच्या हंगामात दोन घरांनी आजींना बोलावलंच नाही. "ती आता पैसे घेऊन गाते" असं बोललं गेलं. आजी मला एवढंच म्हणाल्या की ते पैसे घ्यायला नको होते. मला ते अजून लागून राहिलंय, कारण त्या मंडळींना पाड्यावर घेऊन येणारी मीच होते.

आणि सगळ्यात मोठी काळजी पुढची आहे. पाड्यावरच्या दोन सुनांना ही गाणी शिकायची आहेत, दोघींचा गळाही चांगला. पण ही विद्या लग्नात मागे बसूनच शिकायची असते, आणि लग्नं असतात होळीनंतर पावसाळ्यापर्यंत. तेव्हा या दोघी नवऱ्यांसोबत भिवंडीकडे वीटभट्टीवर असतात. दिवाळीनंतर शेठची उचल घेतली की ती फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही. म्हणजे शिकवणारी गावात, शिकणाऱ्या भट्टीवर. आजींना विचारलं, तुम्हाला काय हवं? तर डोळे नाही म्हणाल्या, घर नाही म्हणाल्या. म्हणाल्या, या दोघी एक हंगाम माझ्याजवळ राहू देत.

तर विचारायचं आहे ते असं. पेन्शनसाठी वयाचा पुरावा कसा उभा करायचा? दोघींची एका हंगामाची मजुरी भरून काढायची तर पैसे कोणाच्या हातात द्यावेत, म्हणजे पुन्हा आजींवर बोट येणार नाही? आणि डोळ्यांच्या ऑपरेशनला त्यांना तयार कसं करावं? आदिवासी भागात काम केलेल्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी तहसील कार्यालयातून निवृत्त झालो. आधी एक सरळ गोष्ट. आधारवर ५८ आणि आजी विधवा, मग ६५ सिद्ध करायच्या मागे आत्ता लागूच नका. श्रावणबाळ योजनेला ६५ वर्षं लागतात, पण निराधार विधवेला त्याआधीच संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अर्ज करता येतो. दोन्हींत महिना १,५०० रुपयेच आहेत आणि उत्पन्नाची मर्यादाही सारखीच, कुटुंबाचं वर्षाला २१,००० पर्यंत. खरी अडचण येईल नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याची. ग्रामपंचायतीत नोंद आहे का ते उद्याच बघा. नसेल तर उशिराच्या नोंदणीची प्रक्रिया असते, तिला वेळ लागतो. शिधापत्रिका पुतण्याची असेल तर आजींचं नाव वेगळं करून घ्यावं लागेल, नाहीतर त्याचं उत्पन्न धरतील. वयाचा दाखला लागलाच तर ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक देतात. आधारवरची जन्मतारीख मात्र एकदाच बदलता येते, घाईने काही टाकू नका.

प्रतिसाद २

ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांना राज्य सरकार महिना ५,००० मानधन देतं. वय ५० पूर्ण आणि कलेत १५ वर्षं हवीत. आजी दोन्हींत बसतील. तिकडे प्रयत्न करा ना.

धागाकर्ती

हे माझ्याही मनात आलं होतं. पण आजी स्वतःला कलावंत मानत नाहीत. त्या लग्न लावतात, देव बोलावतात. कलावंत म्हणून अर्ज भरला आणि समितीसमोर गाऊन दाखवायची वेळ आली तर पुन्हा तोच अंगणातला प्रकार होईल. त्यांना नीट समजावून विचारीन, त्या हो म्हणाल्या तरच.

प्रतिसाद ३

मी मेळघाटात आरोग्य विभागात होते, म्हणून डोळ्यांबद्दल लिहिते. तिथल्या कोरकू आदिवासींमध्ये भूमका असतो, म्हणजे गावातला वैदू-मांत्रिक, तसा तुमच्याकडे भगत. त्याला बाजूला ठेवून दवाखान्याचं काही करायला जाऊ नका. मेळघाटात भूमकाने रुग्ण दवाखान्यात आणला की त्याला मानधन द्यायची पद्धत सुरू झाली, ती उगीच नाही. पाड्यावरचा भगत "जा" म्हणाला की अर्धं काम झालं. ऑपरेशन सरकारी रुग्णालयात फुकट होतं. खर्च येतो तो नंतरचा: चुलीच्या धुरापासून लांब राहायचं, दिवसातून कितीतरी वेळा थेंब घालायचे, पुन्हा तपासणीला न्यायचं. त्यासाठी महिनाभर एक माणूस घरी लागतो. तुमच्या त्या दोन सुनांपैकी एकीला याच कामासाठी थांबवता येईल. दिवाळीनंतर लगेच ऑपरेशन ठेवलंत तर उचल घ्यायच्या आधीच ती थांबेल, आणि लग्नसराईपर्यंत आजींना दिसायला लागेल.

प्रतिसाद ४

पैसे आजींच्या हातात नको आणि तुमच्याही नको. डहाणू पेसा क्षेत्रात येतं, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा तिथे लागू आहे. तुमच्या पाड्याची स्वतःची ग्रामसभा जाहीर झाली असेल तर तिचा कोष असतो, त्यात जमा करा. दोघींना किती आणि किती महिने द्यायचे, हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरू दे आणि इतिवृत्तात लिहिलं जाऊ दे. सगळ्यांनी मिळून दिलं की "ती पैसे घेते" म्हणायला कोणी उरत नाही. उचल घेऊन झाली असेल तर मात्र भट्टीवाल्याशी तुम्ही एकट्या बोलायला जाऊ नका, आधी तिथल्या कामगार संघटनेला विचारा.

आणखी एक, जरा विषय सोडून. सामूहिक वनहक्काचा दावा राहिला असेल तर आजींचा जबाब लिहून घ्या. वनहक्क नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. जंगलातली वाघोबाची जागा, देवाची झाडं, जुन्या पायवाटा, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल ग्रामसेवकांकडे गेले होते. मृत्यूची नोंद १९९७ च्या वहीत सापडली, नाव थोडं चुकलंय पण आहे. पाड्याची ग्रामसभा जाहीर झालेली आहे, कोषाचं खातं मात्र अजून उघडलेलं नाही, ते पुढच्या सभेत घेऊ असं पोलीसपाटील म्हणाले. संध्याकाळी भगतबाबांकडे बसून आले. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, डोळे दाखवायला नेशील तेव्हा मीपण गाडीत बसतो.

रविवारी दोघी सुनांशी बोलायचं आहे. थोरलीने या वर्षीची उचल अजून घेतलेली नाही.