मदत हवी आहे: लेकीच्या पोटगीची थकबाकी, एक वर्षाची मुदत आणि ८०,००० ची 'ऑफर' (ठाणे)

वही_आणि_पासबुक | ४ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. कळव्यात राहते, नोकरी ऐरोलीला. लेक अकरा वर्षांची, सहावीत.

घटस्फोट २०२३ मध्ये झाला, दोघांच्या संमतीने. माझी स्वतःची पोटगी मी तेव्हाच सोडून दिली. म्हटलं, सुटका होतेय ना, बास. मुलीसाठीचा अर्ज मात्र ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात जून २०२१ पासून चालू होता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली. त्याचा हुकूम मार्च २०२३ चा: दरमहा ८,०००, अर्जाच्या तारखेपासून, दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत माझ्या खात्यात. मागची थकबाकी एकदा वसुली अर्ज लावून मिळाली. तेव्हा वॉरंट दोनदा 'इसम मिळून आला नाही' असा शेरा घेऊन परत आलं होतं. इसम त्या आठवड्यात घरीच होता, गणपती होते. तिसऱ्यांदा वॉरंट निघाल्यावर पैसे आले.

मे २०२४ पर्यंत बरं चाललं. जून २०२४ मध्ये त्याने चाकणला नोकरी धरली आणि तिथून गाडी घसरली. मी एक शंभर पानी वही ठेवली आहे. डाव्या पानावर देय, उजव्या पानावर आलेले. उजवं पान असं आहे: ऑगस्ट २०२४ मध्ये ५,०००, त्या दिवाळीत १०,०००, जानेवारी २०२५ मध्ये ८,०००, मार्चमध्ये ३,०००, जूनमध्ये ५,००० (शेऱ्यात 'शूज आणि दप्तर'). एकूण ३१,०००. त्यानंतर शून्य. डाव्या पानावर जून २०२४ ते ऑक्टोबर २०२५ असे सतरा महिने, म्हणजे १,३६,०००. राहिले १,०५,०००.

यंदा दिवाळीत लेकीला १४,००० चा टॅब दिला आणि मला मेसेज: 'तो यातून वजा कर.' दोन दिवसांनी फोन: '८०,००० एकरकमी देतो, कोर्टात सही करून दे की आता काही बाकी नाही आणि यापुढे मागणार नाही.'

माझे प्रश्न. बिल्डिंगमधले एक काका म्हणतात, एक वर्षाच्या आत मागितले नाहीत तर जुने पैसे बुडाले. खरं आहे का? पगारातूनच कापून घेता येतं का? आणि ८०,००० घेऊ का? खरं सांगायचं तर मोह होतोय. त्याला आत टाकायचं माझ्या मनात नाही. नोकरी गेली तर आहे तेही जाईल, आणि लेकीला कळल्याशिवाय राहणार नाही. ती हल्ली वही उघडी दिसली की उजवं पान बघते.

---

मुकाट_पगारदार | रात्री ११.०५

ताई, मी पलीकडच्या बाजूचा माणूस. सहा वर्षं दरमहा १२,००० भरतोय, बँकेला एकदाच सूचना दिली, १ तारखेला आपोआप जातात. तुमच्या माजी यजमानांची बाजू घेत नाही. पण कोर्टात तारखांवर तारखा पडतात, प्रत्येक तारखेला तुमची रजा. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. ८०,००० घ्या आणि मोकळ्या व्हा.

---

गोडा_मसाला | रात्री ११.१२

लेकीकडूनच बाबाला फोन करवा. बाप विरघळतो.

---

तलावपाळी | रात्री ११.५०

गोडा मसाला, अकरा वर्षांच्या पोरीला वसुली कारकून करू नका.

ताई, आधी तातडीचं. वसुलीसाठी वॉरंट हवं असेल तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. जुन्या १२५(३) मध्ये ही अट होती, १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४(३) मध्येही तीच आहे. तुमचा हुकूम जुन्या कायद्याखालचा असला तरी तो चालूच आहे, नव्याने काही मागावं लागत नाही. आता तुमच्या वहीचं डावं पान बघा. नोव्हेंबर २०२४ चा हप्ता १० नोव्हेंबर २०२४ ला देय झाला. त्याचं वर्ष या सोमवारी भरतं. उद्या गुरुनानक जयंतीची सुट्टी, शनिवार दुसरा, पुढे रविवार. तुमच्याकडे गुरुवार आणि शुक्रवार आहेत. सोमवारवर विसंबू नका.

आता काकांचं. जून ते ऑक्टोबर २०२४ चे पाच हप्ते वर्षाबाहेर गेले हे खरं, बुडाले हे खोटं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पूनगोडी विरुद्ध थंगवेल या निकालात सांगितलं आहे की ही मुदत फक्त वॉरंटच्या वाटेला आहे, हक्काला नाही. त्या पैशांसाठी दिवाणी वाट उघडी राहते. रजनीश विरुद्ध नेहा या निकालानेही पोटगीचा हुकूम दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावता येईल असं म्हटलं. (तो निकाल ४ नोव्हेंबर २०२० चा. आज बरोबर पाच वर्षं झाली, असो.) म्हणून वर्षातल्या बारा हप्त्यांचा वसुली अर्ज आत्ता लावा, जुन्याचं काय करायचं ते वकिलाशी बोलून ठरवा.

आलेले ३१,००० कुठल्या महिन्यांत धरायचे हेही अर्जाच्या तक्त्यात दिसू द्या. ज्या रकमेला महिना लिहिलेला नाही ती आधी सर्वांत जुन्या बाकीत वळती केली तर जुनं फक्त ९,००० उरतं आणि वर्षाच्या आतले पूर्ण ९६,००० राहतात. तो हरकत घेईल, घेऊ दे. उलट धरलंत, म्हणजे आला हप्ता त्या-त्या वेळच्या महिन्यात, तर जुने २५,००० आणि नवे ८०,००० होतात. त्याने ८०,००० हाच आकडा का काढला ते कळलं ना? त्याच्याकडेही कुणीतरी वही ठेवणारा आहे.

टॅबचं: हुकुमात दरमहा रोख लिहिलंय, टॅब लिहिलेला नाही. ती बापाने लेकीला दिलेली दिवाळी.

---

वही_आणि_पासबुक | ५ नोव्हेंबर, सकाळी ६.३५

८०,००० चं ते वाचून रात्री झोप लागली नाही. मी तो आकडा त्याच्या बचतीचा समजत होते.

वकील सध्या नाही. आधीच्या वकीलबाईंची फी आत्ता झेपणार नाही.

---

पारसिकची_हवा | सकाळी ९.२०

वकील नाही म्हणून थांबू नका. कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क नाहीच मुळी, परवानगीने येतो, स्वतः अर्ज देऊन स्वतः बोलता येतं. वकील हवाच असेल तर फुकट वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. कोर्ट फी सुद्धा महाराष्ट्रात पोटगीच्या कामात बायकांना १९९४ पासून माफ आहे. खिडकीवर कुणी स्टॅम्प आणा म्हणालं तर शांतपणे हे सांगायचं.

सोबत न्यायचं: हुकुमाची नक्कल (ही तुम्हाला फुकट मिळायला हवी, कायद्यात लिहिलंय), पासबुक अद्ययावत छापून, आधीच्या वसुली अर्जाचा नंबर, आणि तुमच्या वहीचा टाइप केलेला तक्ता. वही स्वतः देऊन टाकू नका, झेरॉक्स लावा. पासबुकात त्याच्या नोंदींवर पेन्सिलने खूण करून ठेवा. माझ्या वेळी पुकारा झाला, साहेबांनी विचारलं शेवटचा हप्ता कधी आला, आणि मी भर कोर्टात पानं उलटत बसले होते.

आता पगाराचं, कारण यात मी पोळले आहे. पगार जप्त करता येतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात नोकरदाराचा फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित असतो, म्हणजे दोन तृतीयांशापर्यंत हात घालता येतो. साध्या कर्जाच्या वसुलीत उलटा प्रकार, तिथे बहुतेक पगार सुरक्षित. समजा त्याला २७,००० मिळतात, तर ९,००० त्याचे कायम, बाकी १८,००० पर्यंत कोर्ट कापायला सांगू शकतं. प्रत्यक्षात कोर्ट चालू हप्ता अधिक थकबाकीचा थोडा भाग असं काहीतरी बांधून देतं. पीएफच्या मागे लागू नका, तो जप्तीपासून सुरक्षित आहे.

पण आदेश कुणाच्या नावे काढायचा? माझ्या नवऱ्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर ज्या कंपनीचं नाव होतं तिला आम्ही पत्र धाडलं. सहा महिन्यांनी उत्तर: हा इसम आमच्या पटावर नाही. पगार ठेकेदार देत होता! चाकण पट्ट्यात हे सर्रास आहे. म्हणून आधी अर्जातच मागा की त्याने मालमत्ता आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र, पगाराच्या पावत्या आणि बँकेचं स्टेटमेंट हजर करावं. स्टेटमेंटमध्ये पगार कुणाच्या खात्यातून येतो ते छापलेलं असतं. नाव तिथून उचलायचं, फोटोतून नाही.

---

वही_आणि_पासबुक | सकाळी ९.४०

अगं बाई. मीही त्याच्या व्हॉट्सॲपच्या डीपीवरूनच कंपनी शोधली होती.

---

मुकाट_पगारदार | दुपारी १.१५

एक दुरुस्ती करतो माझ्याच प्रतिसादात. ८०,००० घ्या म्हणालो तेव्हा 'यापुढे मागणार नाही' हे मी नीट वाचलं नव्हतं. मुलगी अकराची, अठरापर्यंत सात वर्षं. वर्षाला ९६,००० धरले तर ६,७२,००० होतात, वर आजची बाकी १,०५,०००. पावणेआठ लाखांच्या जागी ऐंशी हजार मागतोय तो. माफ करा.

२०२० मध्ये माझी नोकरी गेली होती. मी काय केलं? कोर्टात अर्ज दिला की परिस्थिती बदलली आहे, रक्कम कमी करा. सात महिने कमी झाली, मग पूर्ववत. तो रस्ता त्यालाही मोकळा आहे (हल्ली ते नव्या संहितेचं कलम १४६). मनाने हप्ता कापायचा आणि वर टॅबचा हिशेब दाखवायचा, हे चालत नाही. कोर्टाने बदलेपर्यंत ८,००० म्हणजे ८,०००. आणि तोच रस्ता तुम्हालाही आहे, वाढवून मागायला. २०२१ मधली सात वर्षांची मुलगी आणि आजची सहावीतली यांचा खर्च एक नाही.

---

तलावपाळी | दुपारी २.३०

बरोबर. स्वतःची पोटगी ताईंनी सोडली, ती त्यांची होती. लेकीची पोटगी लेकीची आहे, आईने सही केली म्हणून ती संपत नाही. तरीही तशी सही करू नका. उद्या पुन्हा मागायला गेलात की तो तोच कागद पुढे करेल आणि दोन वर्षं त्या कागदावरच भांडण चालेल.

तडजोड करायचीच असेल तर आधी वसुली अर्ज दाखल होऊ द्या, मग त्यात पुरसिस (कोर्टाला द्यायचं सहीचं लेखी निवेदन) द्या. शब्द असे: 'ऑक्टोबर २०२५ अखेरच्या थकबाकीपोटी अमुक रुपये मिळाले, पुढील दरमहा रक्कम मूळ हुकुमाप्रमाणे चालू राहील.' सही पैसे खात्यात दिसल्यावर. चेक घेऊन सही नको.

तुरुंगाची भीती वाटते म्हणालात. अर्ज केला की दुसऱ्या दिवशी माणूस आत जात नाही. आधी नोटीस, मग जप्तीचं वॉरंट, तरीही दिले नाहीत आणि कारण पटलं नाही तर थकलेल्या महिन्यामागे जास्तीत जास्त एक महिना, पैसे भरले की सुटका. आणि आत जाऊन आल्याने बाकी फिटत नाही, १९८९ पासून सर्वोच्च न्यायालयाचं हेच म्हणणं आहे. बहुतेक जण नोटिशीवरच येतात. नाही आला तर हुकूम पुण्याकडच्या न्यायालयातूनही बजावून घेता येतो, माणूस जिथे असेल तिथे. 'मिळून आला नाही' हा शेरा पुन्हा आला तर तो पर्याय लक्षात ठेवा.

---

गोडा_मसाला | दुपारी ३.०२

माझा सल्ला मागे घेतो. धागा वाचून बायकोनेही झापलं.

---

वही_आणि_पासबुक | ७ नोव्हेंबर, रात्री ९.५०

मंडळी, झालं.

गुरुवारी अर्धी रजा टाकून विधी सेवा प्राधिकरणात गेले. तिथल्या एका तरुण वकील मुलीने तक्ता बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, 'वळती करण्याची कल्पना कुणाची?' म्हटलं, तलावपाळीची. तिला वाटलं मी ठाण्यातल्या तलावपाळीचा पत्ता सांगतेय.

तिने एक बदल केला. जानेवारीचे ८,००० आले तेव्हा त्याने 'जानेवारी' असं लिहिलं होतं, मी वहीत उतरवताना ते गाळलं होतं. ती रक्कम जानेवारीतच धरली, बाकीचे २३,००० जुन्यात. म्हणजे वर्षाच्या आतले ८८,०००, जुने १७,०००. अर्ज आज, शुक्रवारी दुपारी दाखल झाला. प्रतिज्ञापत्र आणि बँक स्टेटमेंट मागितलं आहे, पगारातून कपातीची विनंतीही आहे. जुन्या १७,००० ची वेगळी दरखास्त (दिवाणी वाटेचा वसुली अर्ज) पुढच्या महिन्यात. वाढीचा अर्ज तिने सध्या थांबवला, म्हणाली एका वेळी एकच दार वाजवू.

परतताना ठाणे स्टेशनवर त्याचा फोन आला, ८०,००० चं काय ठरलं म्हणून. म्हटलं, कोर्टात भर, पावती मिळेल. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, टॅब चालतोय का नीट. चालतोय म्हटलं.

---

पारसिकची_हवा | रात्री १०.१५

छान! नोटीस कुठल्या पत्त्यावर काढली?

---

वही_आणि_पासबुक | रात्री १०.२२

दोन पत्त्यांवर. चाकणची खोली आणि त्याच्या आईचं घर. सासूबाई नोटीस घेतात, मागच्या वेळीही त्यांनीच घेतली होती. सही करून वर पोस्टमनला चहा पाजला होता.