मदत हवी आहे: बाबांचं स्मार्टवॉच ३५ टक्क्यांवर बंद पडतंय, घरी बॅटरी बदलता येईल का?

संगमेश्वरी

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहिती दिली तर उत्तरंही अंदाजपंचे येतील.

साडेतीन वर्षांपूर्वी बाबांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा त्यांना एक स्मार्टवॉच घेऊन दिलं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. बाबा कोकणात गावी, मी पुण्यात. तेव्हापासून रोज रात्री नऊच्या सुमारास बाबा मला व्हॉट्सॲपवर पावलांच्या आकड्याचा फोटो पाठवतात. आकडा कमी असला की खाली कारणही लिहितात: "आज पाऊस होता", "आज गुडघा दुखत होता". त्या फोटोची मला इतकी सवय झाली आहे की नऊ वाजून गेले आणि तो आला नाही तर मी फोन करते.

गेल्या दोन महिन्यांत घड्याळ बिघडत गेलं. आधी दोन दिवस चालायचं, मग एक दिवस. आता सकाळी १०० टक्के असतं आणि दुपारी ३५-४० टक्क्यांवर एकदम बंद पडतं. चार्जरला लावलं की लगेच सुरू होतं आणि परत ३५च दाखवतं. चार्जिंग मात्र फार पटकन होतं. पूर्वी दोन तास लागायचे, आता अर्ध्या तासात १००. नाडीचे ठोके मोजायला घेतलं की हमखास बंद. गेल्या आठवड्यात गावी गेले होते, येताना ते सोबत घेऊन आले.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. वॉरंटी संपलेली, बॅटरी सुटी मिळत नाही, जवळजवळ नव्याच्या किमतीत बदलून देऊ म्हणाले. गल्लीतला मोबाइलवाला म्हणाला, "ताई, स्मार्टवॉच आम्ही उघडत नाही. डिस्प्ले गेला तर तुम्हीच भांडाल." त्याचंही बरोबर आहे.

मी मिक्सरचे कार्बन ब्रश बदलले आहेत, इस्त्रीची वायर बदलली आहे, जुन्या फोनची बॅटरीही एकदा बदलली. घरी २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न आणि साधा डिजिटल मल्टीमीटर आहे. प्रश्न असा की बॅटरीच गेली आहे की चार्जिंगचं सर्किट, हे न उघडता कळेल का? आणि उघडायचं तर काच न फोडता कसं?

बाबा म्हणतात, "नको गं खर्च करू, माझं किल्लीचं एचएमटी आहे की." पण एचएमटी पावलं मोजत नाही आणि मला ते घड्याळ चालू हवं आहे.

किनारा

मागच्या बाजूचे चार्जिंगचे ठिपके बघितलेत का? कोकणात घामानं ते हिरवट-काळे पडतात. त्यावर ओल असताना चार्जर लावला की त्या ओलीतून करंट जातो आणि गंज फार लवकर चढतो. माझ्या घड्याळाचं तेच झालं होतं. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, जुन्या मऊ टूथब्रशला लावून ठिपके आणि चार्जरच्या स्प्रिंगच्या पिना दोन्ही घासा. पूर्ण सुकल्यावरच लावा.

पाऊसवेडा

एका व्हिडिओत ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीनं दोन सेकंद झटका देऊन मेलेली बॅटरी जिवंत केलेली पाहिली आहे. उघडणारच असाल तर करून बघा, बॅटरीचा खर्च वाचेल.

तारजोड

पाऊसवेडा, राग मानू नका, पण हा सल्ला कृपा करून कुणाला देऊ नका. लिथियमची बॅटरी फार खाली उतरून बराच काळ तशीच राहिली की आतला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. पुन्हा चार्ज करताना तेच तांबं नको तिथे जमतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. झटका दिलेली बॅटरी त्या दिवशी चालते, नंतर कधी दगा देईल ते सांगता येत नाही. आणि हे घड्याळ एका हृदयरुग्णाच्या मनगटावर झोपेतही राहणार आहे.

संगमेश्वरी ताई, मी कोल्हापुरात दुरुस्तीचं काम करतो, रोज दोन-तीन घड्याळं हातावर येतात. तुमच्या लक्षणांवरून चार्जिंग सर्किट ठीक वाटतं. बॅटरी म्हातारी झाली आहे. तिचा आतला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढला की दोन गोष्टी होतात. चार्ज करताना व्होल्टेज झटकन वर जातं, म्हणून घड्याळाला ती भरली असं वाटतं. आणि जड काम आलं, म्हणजे स्क्रीन पूर्ण उजेडावर किंवा नाडी मोजायचा हिरवा दिवा, की व्होल्टेज धपकन खाली येतं आणि घड्याळ स्वतःला बंद करतं. काम थांबलं की व्होल्टेज परत वर येतं, म्हणून ३५चे ३५. अशा बॅटऱ्यांचं आयुष्य साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जिंगचं धरतात. साडेतीन वर्षांत तुमची त्याच्या पुढे गेली असणार.

पण त्याआधी एक गोष्ट आत्ता, हे वाचल्यावाचल्या करा. घड्याळ आडवं धरून काचेची कड चारही बाजूंनी बघा. काच कुठे उचललेली आहे का? असेल तर चार्जिंग आजपासून बंद.

संगमेश्वरी

तारजोड दादा, बघितलं. मोबाइलचा टॉर्च मागून धरला तर डाव्या बाजूला काच आणि फ्रेमच्या मधून उजेडाची बारीक रेघ दिसते. वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी कापून सरकवून पाहिली. उजवीकडे कुठेच जात नाही, डावीकडे दोन मिलिमीटर आत जाते. फटीत साबणाचा पांढरा थर आणि काळसर मळ जमला आहे. म्हणजे हे आजचं नाही, कित्येक आठवडे असंच बाबांच्या हातावर होतं. हे लक्षात आलं तेव्हा पोटात गोळा आला.

किनारा, ठिपके हिरवट होतेच, साफ केले. पण आता चार्जर लावत नाही.

मी हे करावं की सोडून द्यावं? खरं ते सांगा.

तारजोड

खरं सांगतो. हात स्थिर असेल आणि घाई नसेल तर जमेल. घाई असेल तर नको.

बॅटरी फुगली आहे, आत वायू झाला आहे. घड्याळ सुरू ठेवून आपोआप बंद पडेपर्यंत उतरू द्या, परत सुरू करा, परत उतरू द्या. तीनचारदा. भरलेल्या बॅटरीपेक्षा उतरलेली बॅटरी कमी धोक्याची. उघडताना खिडकी उघडी, शेजारी कोरड्या वाळूचं घमेलं, खाली स्टीलचं ताट किंवा फरशी. लाकडी टेबलावर, गादीवर नको. लहान मुलं असतील तर दुसऱ्या खोलीत.

काचेखालचा डिंक उष्णतेनं मऊ होतो. चांगल्या बॅटरीच्या घड्याळाला आम्ही ७०-८० अंशांपर्यंत नेतो, पण फुगलेल्याला तितकं तापवायचं नाही. हेअर ड्रायर लांबून, काचेच्या कडेवरच, बोट ठेवता येईल इतकंच गरम. तुमची डावी बाजू आधीच सुटलेली आहे, तिथूनच सुरुवात करा. गिटारचं प्लास्टिकचं पिक वापरा. स्क्रू ड्रायव्हर, सुरी, ब्लेड काही नको. पिक फक्त कडेच्या जाडीपुरतं आत. काच सुटली की उचलून फेकल्यासारखी उघडू नका, पुस्तकाच्या पानासारखी एका बाजूनं वर करा, कारण स्क्रीनची चपटी पट्टी आत जोडलेली असते. ती तुटली की बॅटरी बदलूनही उपयोग नाही. बहुतेक घड्याळं इथेच मरतात.

गोड, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला तर बॅटरीचं आवरण फुटलं असं समजा. सगळं वाळूत, आणि गॅलरीत.

आत बॅटरीवर काय छापलं आहे त्याचा फोटो काढा, मग पुढचं बोलू.

संगमेश्वरी

रविवारी सकाळी उघडलं. पाऊण तास लागला, त्यातला अर्धा तास मी नुसती ड्रायर लावून बोटानं तपासत बसले होते. पट्टी शाबूत आहे.

बॅटरी म्हणजे चंदेरी रंगाची छोटी उशी. कोपरे चपटे, मध्ये पोट आलेलं. वास नाही. काढण्याआधी मल्टीमीटर २० व्होल्टच्या डीसीवर ठेवून मोजलं: ३.७१. बंद पडल्यानंतर लगेच मोजूनही ३.७१! तुम्ही म्हणालात तेच, रिकामी नाहीच, नुसती दम तोडते.

वर छापलं आहे ४०२५३०, २५० एमएएच, चार्जिंग मर्यादा ४.३५ व्होल्ट. तीन वायरी: लाल, काळी, पिवळी. फूटपट्टीनं जाडी मोजली तर मध्ये साधारण सहा मिलिमीटर.

आयर्ननं एका वेळी एकच वायर सोडवली आणि लगेच तिच्या टोकाला टेप लावली, लाल-काळी चुकूनही एकमेकींना लागू नयेत म्हणून. मग पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेले. दुकानदारानं आकडा बघून बरोबर त्याच मापाची दिली, पण तिला दोनच वायरी आहेत आणि कागदावर ४.२ लिहिलं आहे. तो म्हणाला, "चालतं, सगळे लावतात, पिवळीच्या जागी रेझिस्टन्स टाका." अजून लावलेली नाही. चालेल का?

तारजोड

नाही चालणार, आणि विचारलंत हे फार बरं केलंत.

आकड्याचा अर्थ सांगतो, पुढे कुणाला उपयोग होईल. ४०२५३० म्हणजे जाडी ४.०, रुंदी २५, लांबी ३० मिलिमीटर. हे फक्त माप झालं. त्यावरून व्होल्टेज कळत नाही. तुमचं घड्याळ बॅटरीला ४.३५पर्यंत भरतं. ४.२ची बॅटरी तिथे लावली तर ती रोज जास्त भरली जाणार. तीही फुगेल, फक्त लवकर. उलटं असतं, म्हणजे घड्याळ ४.२चं आणि बॅटरी ४.३५ची, तर थोडी कमी भरली असती, बाकी काही नाही.

पिवळी वायर तापमानाची. बॅटरीच्या सर्किटवर एक थर्मिस्टर, म्हणजे तापला की रोध कमी होणारा भाग असतो, बहुतेक ठिकाणी २५ अंशांना १० किलोओहमचा. घड्याळ तो वाचतं आणि बॅटरी गरम वाटली तर चार्जिंग थांबवतं. पिवळी जोडली नाही तर कित्येक घड्याळं चार्जच होत नाहीत. त्या जागी १० किलोओहमचा रेझिस्टन्स टाकला की घड्याळ फसतं: बॅटरी कितीही तापली तरी त्याला २५च अंश वाटतात. बाजारात हे सर्रास चालतं. मी करत नाही.

मागच्या झाकणावर मॉडेल नंबर असेल. तो नंबर टाकून स्पेअर पार्टवाल्यांकडे शोधा, तीन वायरीची आणि ४.३५ची मिळेपर्यंत थांबा. बंद घड्याळाची बॅटरी काढून लावू नका, तीही तितकीच म्हातारी.

किनारा

मधे एक सांगतो. जुनी फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, गाडीत दाबली गेली की पेट घेते. वायरींच्या टोकांना टेप लावून ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा सर्व्हिस सेंटरलाही विचारायला हरकत नाही.

संगमेश्वरी

बॅटरी अकरा दिवसांनी आली. तीन वायरी, ४.३५, तेच माप. आल्या आल्या मोजली, ३.८४ व्होल्ट. पिवळी आणि काळीच्या मध्ये ओहम मोजले, ९.८ किलो. (खोली २५ अंशांहून जरा गरम असावी, म्हणून दहाच्या किंचित खाली असावेत.)

काळी, पिवळी आणि शेवटी लाल असं सोल्डर केलं. प्रत्येक टाका दोन-तीन सेकंदांत उरकला आणि मधे थांबून गार होऊ दिलं. बटण दाबलं आणि कंपनीचं चिन्ह आलं तेव्हा हात थरथरत होते. टाके घालताना नव्हते.

काच अजून चिकटवलेली नाही, नुसती वर ठेवून रबरबँड लावला आहे. पहिलं चार्जिंग ताटात ठेवून, समोर बसून केलं. एक तास पन्नास मिनिटं लागली, पूर्वीसारखी. पाठ फक्त कोमट झाली.

आता शेवटचा प्रश्न. चिकटवायला बी-७००० डिंक आणला आहे. तो पुरेल का? डब्यावर पूर्वी पाच एटीएम (पाण्याचा दाब सोसण्याचं माप) लिहिलं होतं. बाबा आंघोळीलाही घड्याळ काढत नाहीत.

तारजोड

बी-७००० पुरेल. जुना डिंक अल्कोहोलनं पूर्ण काढा, कडेनं केसासारखी बारीक रेघ ओढा, जास्त झाला तर तो आत स्क्रीनच्या पट्टीवर उतरतो. रबरबँड लावून २४ तास, शक्य तर ४८ तास हात लावू नका. बॅटरीच्या वर मात्र डिंक नको, तिला किंचित जागा लागते.

पाण्याचं आता विसरा. ते पाच एटीएम कारखान्यातल्या सीलचं होतं. हात धुताना चार थेंब उडाले तर चालतील, आंघोळीला काढायचंच. बाबांना हे तुम्ही स्वतः सांगा, आणि दोनदा सांगा. चिकटवण्याआधी दोन दिवस उघडंच चालवा. नाडी सारखी मोजत ठेवा आणि ३५च्या खाली जातं का बघा.

संगमेश्वरी

बाबांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "आंघोळीला काढून देव्हाऱ्याशेजारी ठेवीन, म्हणजे विसरायचा नाही." किती खर्च आला तेवढं विचारलं, बाकी काही नाही. मग फोन ठेवता ठेवता म्हणाले की हे तीन आठवडे ते चालत होतेच, फक्त आकडा नव्हता.

काल सकाळपासून घड्याळ माझ्याच हातावर आहे, रबरबँडसकट. दर तासाला नाडी मोजते आहे. दुपारी ३५ झालं तेव्हा काम सोडून बघत बसले. ३४ झालं, ३३ झालं. आत्ता रात्रीचे साडेदहा वाजलेत, १९ टक्के आहे आणि चालू आहे. डिंक उद्या सकाळी लावते.