चॅम्पियन हर्डल २०२५: कॉन्स्टिट्यूशन हिलला हरवणार कोण, आणि लॉसीमाउथ पळणार कुठे?

रेलिंगवाला (२ मार्च)

११ मार्चला, मंगळवारी, इंग्लंडमधला घोड्यांच्या उडी-शर्यतींचा चेल्टनहॅम फेस्टिव्हल सुरू होतोय आणि पहिल्याच दिवशी चॅम्पियन हर्डल आहे. इथली बरीच मंडळी महालक्ष्मी आणि पुण्याच्या सपाट रेसवर वाढलेली, म्हणून आधी थोडक्यात सांगतो. अंतर दोन मैलांहून जरासं जास्त, वाटेत आठ हर्डल (उडी मारून ओलांडायचे अडथळे), आणि शेवटी दम काढणारा चढ. घोड्याच्या पाठीवर ७४ किलोंहून थोडं अधिक वजन, मेअरला, म्हणजे मादीला, त्यात ७ पौंडांची सूट. १९२७ पासून ही रेस होते आहे आणि दोन मैलांच्या हर्डलमध्ये याहून मोठा मान नाही.

सगळे ट्रेनर निकी हेंडरसनच्या कॉन्स्टिट्यूशन हिलचं नाव घेतायत. हर्डलवर दहा रेस, दहा विजय. २०२२ ला सुप्रीम नॉव्हिसेस (नवख्या हर्डलरांची रेस) २२ लेंग्थने (एक लेंग्थ म्हणजे घोड्याच्या एका लांबीइतकं अंतर) मारली, २०२३ ला हीच चॅम्पियन हर्डल ९ लेंग्थने. सगळं मान्य. तरी माझं मत ब्रायटरडेजअहेडला.

२९ डिसेंबरला आयर्लंडमध्ये लेपर्ड्सटाउनला ट्रेनर गॉर्डन एलियटची ही घोडी ३० लेंग्थने जिंकली. गतवर्षीचा चॅम्पियन स्टेट मॅन तिच्या मागे तिसरा आला. त्याआधी नोव्हेंबरात पंचेस्टाउनला मॉर्जियाना हर्डलमध्येही तिने त्याला मागे टाकलं होतं. डिसेंबरात एलियटने तिच्याच तबेल्यातला किंग ऑफ किंग्जफील्ड पुढे सोडला, वेग सुरुवातीपासून चढा राहिला आणि बाकीच्यांचा श्वासच संपला. चेल्टनहॅमलाही तो हेच करणार. इतक्या वेगात एकामागून एक हर्डल मारायची पाळी गेल्या दोन वर्षांत कॉन्स्टिट्यूशन हिलवर आली आहे का? समोर कोण होतं, ते आठवून बघा.

आणि एक विनंती लॉसीमाउथचे ट्रेनर विली मलिन्सना, ती त्यांच्यापर्यंत पोचणार नाही हे माहीत असूनही: लॉसीमाउथला चॅम्पियन हर्डलमध्ये उतरवा. त्याच दिवशीच्या, फक्त माद्यांसाठीच्या मेअर्स हर्डलमध्ये तिला नेऊ नका.

ऊर्मिला_त (२ मार्च)

ब्रायटरडेजअहेडवर माझी हरकत आहे. ३० लेंग्थ ऐकायला भारी वाटतं, पण त्या रेसमध्ये दुसरा विंटर फॉग होता. तो काही चॅम्पियन हर्डलच्या दर्जाचा घोडा नव्हे. स्टेट मॅन तिसरा येतो याचा अर्थ त्या दिवशी तो त्याच्या नेहमीच्या जवळपासही नव्हता. बिघडलेल्या घोड्याला हरवून कोणी ३० लेंग्थने श्रेष्ठ ठरत नाही.

आता केम्प्टन घ्या. २६ डिसेंबरला ख्रिसमस हर्डलमध्ये कॉन्स्टिट्यूशन हिलने लॉसीमाउथला अडीच लेंग्थने हरवलं, तेही तिला ७ पौंडांची सूट असताना. दोन मैलांवर एक पौंड म्हणजे साधारण एक लेंग्थ धरतात. म्हणजे समान वजनावर तो तिच्यापेक्षा नऊ-साडेनऊ लेंग्थने चांगला. आणि ही त्याची वर्षभरानंतरची पहिली रेस! मधल्या काळात श्वसनाच्या त्रासामुळे २०२४ ची चॅम्पियन हर्डल हुकली, मग पोटशूळ, मग नोव्हेंबरात पाय दुखावल्यामुळे फायटिंग फिफ्थ ही रेसही गेली. एवढं सोसून आलेला घोडा लॉसीमाउथसारखीला हरवतो, तर मार्चपर्यंत तो कुठे असेल?

डब्लिनकर (३ मार्च)

ऊर्मिलाताई, केम्प्टनचं गणित चेल्टनहॅमला लावू नका. केम्प्टन सपाट आणि उजव्या वळणाचं, तिथे तीक्ष्ण वेगाचा घोडा पळतो. चेल्टनहॅम डाव्या वळणाचं, उतार-चढावाचं. लॉसीमाउथ चेल्टनहॅमला आजवर हरलेलीच नाही: २०२३ ची ट्रायम्फ हर्डल, २०२४ च्या जानेवारीतली हर्डल, त्याच वर्षीची मेअर्स हर्डल.

लेपर्ड्सटाउनला २९ डिसेंबरला मी रेलिंगला उभा होतो. टीव्हीवर हर्डल खेळण्यातली वाटतात. जवळून पाहिलं तर ती साडेतीन फुटांची, जमिनीत ठोकलेली, पळण्याच्या दिशेने कललेली लाकडी चौकट असते, वर काटक्या गच्च विणलेल्या. घोड्याचा खूर लागला की चौकट पुढे झुकते आणि फटका बसल्यासारखा कोरडा आवाज येतो. बहुतेक घोडे रेसभर दोन-चार तरी असे आवाज काढतातच. त्या दिवशी ब्रायटरडेजअहेड माझ्यासमोरून गेली तेव्हा आवाज आला तो फक्त टापांचा. मागचे मात्र हर्डल वाजवत येत होते. म्हणून रेलिंगवाल्यांशी मी अर्धा सहमत. त्या विजयात स्टेट मॅनच्या बिघडण्याइतकाच तिच्या उडीचाही वाटा होता.

पण स्टेट मॅनला मोडीत काढू नका. २ फेब्रुवारीला त्याने आयरिश चॅम्पियन हर्डल सलग तिसऱ्यांदा जिंकली. त्याच रेसमध्ये लॉसीमाउथ पडली. मलिन्स तिला मेअर्सकडे वळवणार, असं वाटायला हेच कारण पुरेसं आहे.

सुलभा_रेडिंग (३ मार्च)

लॉसीमाउथने चॅम्पियन हर्डल पळावी असं सगळ्यांनाच वाटतं. पण घोडी आपली नाही. मेअर्स हर्डल २००८ पासून आहे आणि ती आणण्यामागे हेतू होता: चांगल्या घोड्या लवकर पैदाशीला न पाठवता मालकांनी पळवत ठेवाव्यात. मलिन्सचीच केवेगा २००९ ते २०१४ सलग सहा वर्षं ती जिंकली. त्या सहा वर्षांत तिला चॅम्पियन हर्डलमध्ये का नाही उतरवलं म्हणून आज कोणी मलिन्सना दोष देतं का?

शिवाय मलिन्सचा पहिला जॉकी पॉल टाउनेंड एकच आहे. लॉसीमाउथ आणि मलिन्सचाच स्टेट मॅन यांना एकाच रेसमध्ये घातलं तर त्याला एकावर बसावं लागेल. लॉसीमाउथ मेअर्सला आणि स्टेट मॅन चॅम्पियनला गेले, तर एकाच दुपारी दोन्ही मोठ्या रेसमध्ये पहिला जॉकी मिळतो. ट्रेनर म्हणून मीही हेच केलं असतं.

रेलिंगवाला (३ मार्च)

सुलभाताई, केवेगाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. सहा वेळा जिंकूनही ती दोन मैलांवर नेमकी कुठल्या पातळीची होती, हा प्रश्न राहिलाच. उलट अ‍ॅनी पॉवर बघा. २०१५ मध्ये मेअर्स हर्डलला गेली आणि शेवटच्या हर्डलवर, रेस हातात असताना, पडली. २०१६ मध्ये चॅम्पियन हर्डल पळवली आणि जिंकली. आज तिचं नाव निघतं ते २०१६ मुळे. डॉन रनने १९८४ ला, एपाटांटने २०२० ला, हनीसकलने २०२१ आणि २०२२ ला पुरुषांच्या रेसमध्ये उतरून ते सोनं घेतलं. वजनाची सूट द्यायची ती याचसाठी. सूटही आहे आणि वर वेगळी सोपी वाटही आहे, तर चॅम्पियन म्हणायचं कोणाला?

पैशाचा मुद्दा तर उलटाच पडतो. चॅम्पियन हर्डलची एकूण रक्कम साडेचार लाख पौंड आहे, मेअर्सची त्याच्या जवळपास चौथा हिस्सा.

घाटावरचा (४ मार्च)

तीन-चार नावांभोवतीच सगळे फिरताय. २०१९ विसरलात? ब्युव्हर देअर तिसऱ्यांदा जिंकणार, नाहीतर एलियटची अ‍ॅपल्स जेड, नाहीतर मलिन्सची लॉरिना, एवढीच चर्चा होती. ब्युव्हर देअर तिसऱ्या हर्डलवर पडला आणि शारजाहलाही घेऊन गेला. अ‍ॅपल्स जेड सहावी. जिंकला एस्प्वार दालाँ, १५ लेंग्थने.

म्हणून मी एक नाव टाकतो: गोल्डन एस. सॉमरसेटच्या ट्रेनर जेरेमी स्कॉटची घोडी. फेब्रुवारीत विंकँटनला किंगवेल हर्डल जिंकलीय. आणि रेलिंगवाले, तुमच्यासाठी खास: मार्च २०२४ मध्ये चेल्टनहॅमच्याच मेअर्स नॉव्हिसेस हर्डलमध्ये तिने फेव्हरिटला हरवलं. फेव्हरिट होती ब्रायटरडेजअहेड. फेस्टिव्हलच्या ट्रॅकवर या दोघी एकदाच भेटल्या आहेत आणि निकाल लागलेला आहे.

रेलिंगवाला (४ मार्च)

ती नॉव्हिस रेस होती आणि संथ पळाली. ब्रायटरडेजअहेडला वेगवान रेस लागते. वर्षभरात ती किती पुढे गेली ते मॉर्जियानाने आणि लेपर्ड्सटाउनने दाखवलंय.

ऊर्मिला_त (४ मार्च)

घाटावरचे दादा, गोल्डन एस प्रामाणिक घोडी आहे, पण कॉन्स्टिट्यूशन हिल न पडता पळाला तर दुसऱ्या जागेपुरतीच. त्याच्या उडीबद्दल कोणी बोलतच नाहीये. बाकीचे घोडे हर्डलपाशी येऊन पाऊल मोजतात. तो लांबूनच उडतो, पाठ सपाट ठेवतो आणि उतरतो तोच पळत. प्रत्येक हर्डलवर अर्धी लेंग्थ फुकट मिळते, आठ हर्डलवर चार लेंग्थ. वेग न वाढवता!

डब्लिनकर (४ मार्च)

आणि लांबून उडणारा घोडाच एखाद्या वेळी जास्तच लांबून उडतो. मला त्याच गोष्टीची भीती वाटते.

सुलभा_रेडिंग (१० मार्च)

अंतिम यादी आली. सात घोडे: कॉन्स्टिट्यूशन हिल, स्टेट मॅन, ब्रायटरडेजअहेड, गोल्डन एस, बर्डेट रोड, किंग ऑफ किंग्जफील्ड, विंटर फॉग. लॉसीमाउथ मेअर्स हर्डलला.

रेलिंगवाला (१० मार्च)

वाईट वाटलं. उद्या कोणीही जिंको, विजेत्याच्या नावापुढे लॉसीमाउथचा प्रश्न उभा राहणार.

घाटावरचा (११ मार्च, रात्री)

पाचव्या हर्डलवर कॉन्स्टिट्यूशन हिल पडला. शेवटच्या हर्डलवर स्टेट मॅन, स्पष्ट पुढे असताना. गोल्डन एस ९ लेंग्थने पहिली, २५ ला १ च्या भावाने, जॉकी लॉर्कन विल्यम्स. बर्डेट रोड दुसरा, विंटर फॉग तिसरा, ब्रायटरडेजअहेड चौथी. दोन्ही घोडे आणि दोन्ही जॉकी सुखरूप आहेत, हे आधी लिहायला हवं होतं.

ऊर्मिला_त (११ मार्च)

पाचव्या हर्डलला तो फार लांबून उडाला. डब्लिनकर म्हणाले तसंच. तरी माझं म्हणणं कायम आहे: तिथवर तो आरामात होता, तोच या पिढीतला सर्वांत चांगला हर्डलर. आणि स्टेट मॅन पडला नसता तर आजचा निकाल वेगळा होता, हे कोणी नाकारू शकत नाही. गोल्डन एसचं अभिनंदन, पण सर्वश्रेष्ठ जिंकली असं मी म्हणणार नाही.

रेलिंगवाला (१२ मार्च)

ब्रायटरडेजअहेड चौथी आली आणि एकदाही धोका वाटली नाही, हे लिहायलाच हवं. पण कालची दुसरी रेसही पाहा. लॉसीमाउथने मेअर्स हर्डल सहज जिंकली. तीच घोडी चॅम्पियनमध्ये असती, तर शेवटच्या हर्डलनंतर गोल्डन एसला मोकळा चढ मिळाला नसता. काल जे झालं त्याने माझी मागणी आणखी पक्की झाली. दर्जाच्या ठरावीक पातळीच्या वर असलेल्या मेअर्सना मेअर्स हर्डल बंद करा, नाहीतर तिचं अंतर आणि दिवस बदला. एकाच दुपारी दोन दारं उघडी ठेवू नका.

घाटावरचा (१२ मार्च)

रेलिंगवाले, गोल्डन एसच्या मालकापुढेही तीच दोन दारं होती की! बहुतेकांनी तिला मेअर्स हर्डलला नेलं असतं. मालकाने चॅम्पियनचा आग्रह धरला, कॉन्स्टिट्यूशन हिल समोर असताना. तुम्ही ज्या धाडसाची मागणी मलिन्सकडे करताय ते कमी पैशाच्या, लहान तबेल्याने करून दाखवलं. मग तिच्या विजयाला कमी का लेखता?

आणि ऊर्मिलाताई, आठही हर्डल ओलांडून पोस्टपाशी पहिलं यायचं, यालाच हर्डल रेस म्हणतात. उडी मारता न येणं हे नशीब नव्हे. सातही हर्डल नीट मारून तो वेग राखणं स्टेट मॅनला जमलं, आठवं जमलं नाही. तिला आठही जमली.

ऊर्मिला_त (१३ मार्च)

जिंकली हे मान्यच आहे. माझा मुद्दा दर्जाचा आहे. आता आयर्लंडमध्ये पंचेस्टाउनला सगळे परत भेटले तर तिथे कळेल.

डब्लिनकर (३ मे)

काल पंचेस्टाउन चॅम्पियन हर्डल झाली. स्टेट मॅन पहिला, गोल्डन एस दुसरी, कॉन्स्टिट्यूशन हिल पाचवा. मधे एप्रिलमध्ये लिव्हरपूलच्या एन्ट्री रेसकोर्सवरही तो पडलाच होता, त्यामुळे काल तो प्रत्येक हर्डलपाशी बिचकताना दिसला तर नवल नाही.

ऊर्मिलाताई, दर्जाचं उत्तर यात अर्धं मिळालं. चेल्टनहॅमच्या शेवटच्या हर्डलवर स्टेट मॅन पडला नसता तर तोच जिंकला असता, हे आता मी मोकळेपणाने म्हणतो. पण दुसरं कोण असतं? तीच. नशिबावर जिंकलेली घोडी दोन महिन्यांनी आयर्लंडच्या सर्वांत चांगल्या दोन मैलांच्या घोड्याच्या मागे थेट दुसरी येत नाही.

ऊर्मिला_त (३ मे)

दुसरी जागा तिची आहे, हे मी ४ मार्चलाच लिहिलं होतं. चॅम्पियन स्टेट मॅन. कॉन्स्टिट्यूशन हिलला मात्र हेंडरसननी आता शिशिरापर्यंत हर्डल दाखवूच नये. आधी त्याला घरी नवख्या घोड्यासारखं पुन्हा उडायला शिकवावं, आणि मगच पुढच्या मार्चचं बोलावं.

रेलिंगवाला (३ मे)

आणि पुढच्या मार्चला लॉसीमाउथ कुठे? मी तर चॅम्पियन हर्डलच म्हणणार.