झोटेरोत मराठी संदर्भ इम्पोर्ट केले की नुसती प्रश्नचिन्हं यायलीत, काय करावं?

मांजराकाठची

नमस्कार मंडळी. पीएचडीचं काम चालूय, विषय 1972 चा दुष्काळ आणि बीड जिल्ह्यातली रोजगार हमीची कामं. आतापर्यंत संदर्भ सगळे वर्डच्या एका फाइलीत टाइप करून ठेवत आलेय, पण आता गाईड सर म्हणायलेत की एपीए स्टाइल (संदर्भ लिहायची एक ठरलेली पद्धत) पाहिजे आणि प्रत्येक प्रकरणाखाली वेगळी यादी पाहिजे, ते हातानं करायचं म्हणजे दिवाळी तिथंच जायची, म्हणून झोटेरो हे संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं.

इंग्रजी लेख मस्त येतात. जेस्टोर ही लेखांची साइट उघडायची, ब्राउझरमधलं झोटेरो कनेक्टरचं बटण दाबायचं, की लेखक, वर्ष, अंक, पानं सगळं आपोआप आत. अडतंय ते मराठीत. एका मैत्रिणीनं तिची मराठी पुस्तकांची यादी आरआयएस फाइल (संदर्भ एकाकडून दुसऱ्याकडं द्यायची फाइल) करून पाठवली, ती इम्पोर्ट केली तर लेखकाच्या जागी ???? आणि पुस्तकाच्या नावाच्या जागी पण ????. तिच्याकडं म्हणे व्यवस्थित दिसते. मग तिनं दुसरी फाइल पाठवली, त्यात निम्मं मराठी नीट आलं निम्मं नाही, पण आता एकेक पुस्तक दोनदोनदा दिसायलंय आणि त्यातली काही मी वर्डमध्ये साईट पण करून बसलेय, म्हणजे मजकुरात त्यांचा संदर्भ देऊन.

दुसरं म्हणजे मराठी लेखांच्या पीडीएफ ओढून टाकल्या की नुसती पीडीएफ येऊन बसते, ना लेखक ना नाव. आणि विकासाच्या अनुशेषावरचा दांडेकर समितीचा अहवाल, गॅझेटिअर, जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं, आयएसबीएन (पुस्तकाचा छापील नंबर) नसलेली लायब्ररीतली पुस्तकं हे आत घ्यायचं तरी कसं? वर्डमधली यादी तशीच्या तशी टाकता येती का? का झोटेरोऐवजी मेंडेली घेऊ? कुणी मराठीत थीसिस केला असेल तर सांगा, लय उपकार होतील.

ग्रंथपाल_नांदेडकर

ताई, आधी प्रश्नचिन्हांचं. ही भानगड झोटेरोची नाही, फाइल सेव्ह करतानाची आहे. तुमच्या मैत्रिणीनं यादी नोटपॅडमध्ये नाहीतर एक्सेलमधून सेव्ह केली असणार आणि एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) राहिलं असणार एएनएसआय. त्यात देवनागरी बसतच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. तिच्याकडं बरोबर दिसते कारण ती मूळ फाइल बघायलीय, पाठवलेली नाही. आता त्या ???? मधून मराठी परत काढता येत नाही, अक्षरं कायमची गेली. तिला म्हणावं मूळ यादी उघड, सेव्ह अ‍ॅज कर, खाली एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-8 निवड. आणि तिच्याकडं स्वतःचं झोटेरो किंवा मेंडेली असेल तर नोटपॅडचा नादच सोडा, तिथूनच एक्स्पोर्ट करून आरआयएस घ्या.

फाइल आली की लगेच इम्पोर्ट करू नका. आधी साध्या नोटपॅडमध्ये उघडून मराठी दिसतंय का बघा. मग फाइल मेनूतून इम्पोर्ट करताना नव्या कलेक्शनमध्ये ठेवायची खूण असते, ती राहू द्या. बिघडलं तर तेवढंच कलेक्शन आतल्या नोंदींसकट उडवता येतं, बाकीच्या लायब्ररीला धक्का नाही.

डबल झालेल्यांचं मात्र जपून. डिलीट करू नका. वर्डमध्ये साईट केलेली नोंद डिलीट केली की त्या सायटेशनचा लायब्ररीशी संबंध तुटतो, पुढं काही दुरुस्त केलं तरी वर्डमध्ये बदल येत नाही. मर्ज करा. डाव्या बाजूला डुप्लिकेट आयटम्स म्हणून फोल्डर आहे, पण ते नाव, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन नंबर), आयएसबीएन असलं जुळवून शोधतं, त्यामुळं एकीकडं ???? आणि दुसरीकडं नीट नाव असलं तर ते तिथं दिसायचं नाही. मग मेन लिस्टमध्ये कंट्रोल दाबून दोन्ही निवडा, राइट क्लिक, मर्ज आयटम्स, आणि मुख्य म्हणून मराठी नीट असलेली नोंद ठेवा. दोन्हींचा आयटम टाइप एकच पाहिजे, एक बुक आणि एक रिपोर्ट असलं तर मर्ज होत नाही. मग वर्डमध्ये जाऊन रिफ्रेश मारा.

औंढ्याचा_भाऊ

पीडीएफचं मी सांगतो. त्या पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून बघा. मराठी आली तर ठीक, पण बहुतेक वेळा असलं काहीतरी इंग्रजी अक्षरांचं, चिन्हांचं कडबोळं येतं. म्हणजे अंक श्रीलिपी नाहीतर कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लावलाय, डोळ्याला मराठी आणि कॉम्प्युटरला कचरा. आणि काहीच सिलेक्ट होत नसलं तर तो नुसता स्कॅन, फोटोच की तो.

समजा युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला कळणाऱ्या मराठीत, असली तरी लय आशा ठेवू नका. झोटेरो पीडीएफच्या पहिल्या काही पानांतून डीओआय, आयएसबीएन नाहीतर लेखाचं नाव काढतं आणि नेटवरच्या डेटाबेसला विचारतं की बाबा हा लेख कुणाचा. आपली मराठी नियतकालिकं त्या डेटाबेसात नसतातच बहुतेक. म्हणून पीडीएफवर राइट क्लिक, क्रिएट पॅरेंट आयटम, मॅन्युअल एंट्री, आणि हातानं भरा. दोन मिनिटाचं काम आहे एका लेखाला.

कोरा_चहा

एवढा खटाटोप काहून? मराठी संदर्भ सगळे मिळून किती असतील, वर्डमध्ये टाइप करून मोकळ्या व्हा की. मी माझा थीसिस असाच दिला, काही अडलं नाही.

ग्रंथपाल_नांदेडकर

@कोरा_चहा भाऊ, यादी एकदाच द्यायची असती तर तुमचं खरं होतं. पण प्रकरणागणिक यादी म्हणलं की एकच पुस्तक चार ठिकाणी, आणि उद्या सरांनी म्हणलं प्रकाशनाचं वर्ष चुकलंय, तर चारही ठिकाणी हुडकत बसा. आत एकदा नीट भरलं की एका जागी बदल पुरतो.

ताई, प्रकरणागणिक यादीसाठी प्रत्येक प्रकरणाची वर्ड फाइल वेगळीच ठेवा. एका डॉक्युमेंटमध्ये झोटेरो एकच एकत्र यादी बनवतं, तुकड्यातुकड्यानं देत नाही.

वर्डमधली टाइप केलेली यादी तशीच आत जात नाही, सॉफ्टवेअरला त्यातलं लेखक कुठलं आणि प्रकाशक कुठला हे कळत नाही. त्यातले इंग्रजी लेख वेगळे काढा, क्रॉसरेफच्या साइटवर यादी पेस्ट करून डीओआय शोधायची सोय आहे, जेवढे सापडतील तेवढे डीओआय एकाखाली एक कॉपी करा आणि झोटेरोत वर जादूच्या कांडीचं बटण आहे तिथं सगळे एकदम पेस्ट करा. त्यात आयएसबीएन पण चालतो.

पण मराठी पुस्तकाचा आयएसबीएन टाकला की एक गंमत होते. माहिती येते परदेशी लायब्ररींच्या कॅटलॉगमधून, आणि तिथं मराठी नावं रोमन लिपीत, अक्षरांवर खाली टिंबं-रेघा देऊन लिहिलेली असतात. तीच नोंद राहू दिली तर एकाच लेखकाचं एक पुस्तक रोमनमध्ये आणि दुसरं देवनागरीत, यादीत दोन वेगळी माणसं होऊन बसतात. म्हणून कांडीनं प्रकाशक, वर्ष वगैरे घ्या आणि नाव-लेखक मराठीत टाइप करा. आयएसबीएन ही पद्धतच 1970 च्या आसपासची, त्यामुळं त्याच्या आधीच्या पुस्तकांवर तो शोधत बसू नका. जुन्या पुस्तकावर नुसता शके असला तर त्यात 78 मिळवा, शके 1894 म्हणजे साधारण 1972, आणि मूळ शके एक्स्ट्रा नावाच्या रकान्यात लिहून ठेवा. वर्ष 1972 असं इंग्रजी आकड्यांतच टाका, देवनागरी आकडे टाकले तर तारीख ओळखताना घोळ होतो.

आता अहवाल. आयटम टाइप रिपोर्ट. लेखकाच्या जागी महाराष्ट्र शासन टाकताना एक बघा, नावाला दोन रकाने असतात, आडनाव आणि नाव. तसंच भरलं की यादीत शासन, महाराष्ट्र असं छापून येतं, जणू शासन हे आडनाव. रकान्याच्या शेजारी छोटं बटण आहे, ते दाबलं की दोनाचा एक रकाना होतो, संस्था-समित्यांसाठी तोच वापरायचा. दांडेकर समितीच्या अहवालाचं वर्ष 1984, अनुशेषाचा मुद्दा लिहिताना लागेलच तुम्हाला. गॅझेटिअरला पण असाच एक रकाना. कात्रणं असतील तर न्यूजपेपर आर्टिकल निवडा, तारीख पूर्ण टाका आणि मोबाइलवर काढलेला फोटो त्याच नोंदीवर ओढून टाका.

औंढ्याचा_भाऊ

शोधगंगेचं, म्हणजे प्रबंध ठेवलेल्या साइटचं, राहिलं. तिथल्या पानावर कनेक्टर दाबलं की कधी थीसिस म्हणून येतं तर कधी नुसतं वेबपेज म्हणून, तेव्हा आयटम टाइप बघून घ्या, विद्यापीठाचं नाव आणि वर्ष तपासा आणि मार्गदर्शकांचं नाव लेखकात घुसलेलं नाही ना तेही बघा. तिथं प्रबंध प्रकरणाप्रकरणानं तुकडे करून ठेवलेला असतो, प्रत्येक तुकड्याची वेगळी नोंद करू नका, सगळ्या पीडीएफ एकाच नोंदीखाली घ्या.

मेंडेलीचं म्हणाल तर मराठीपुरता काही फरक नाही, तिथं पण हातानंच भरावं लागतं. फुकटात जागा जास्त देतं, 2 जीबी, झोटेरो 300 एमबी देतं. पण ते 300 एमबी फक्त पीडीएफसारख्या फाइलींना, नुसत्या नोंदी कितीही ठेवा. शिवाय मेंडेली 2013 पासून एल्सेव्हियर कंपनीचं, झोटेरो ओपन सोर्स. जागा संपली म्हणून झोटेरोचा डेटा फोल्डर उचलून गूगल ड्राइव्हच्या सिंक फोल्डरात टाकायची आयडिया मात्र करू नका, डेटाबेस खराब होतो, झोटेरोवाले स्वतःच तसं बजावतात.

मांजराकाठची

लय लय धन्यवाद दोघांना. मैत्रिणीनं यूटीएफ-8 करून पाठवली, मराठी आली एकदम स्वच्छ. मर्ज पण झालं, वर्डमधली प्रश्नचिन्हं रिफ्रेश मारल्यावर गेली. महाराष्ट्र शासनाचं आडनाव पण काढून टाकलं 😀

आता एकच. दोन लेखकांचं मराठी पुस्तक साईट केलं की मधे & येतं, आणि यादीत इंग्रजी सगळे आधी, मराठी नंतर. सरांना मराठी आधी पाहिजे आणि दोघांच्या मधे "आणि" पाहिजे.

ग्रंथपाल_नांदेडकर

ते & स्टाइलमधून येतं, तुमच्या नोंदीत काही चूक नाही. स्टाइलची फाइल बदलत बसण्यापेक्षा शेवटाला हातानं करा. प्रकरण पक्कं झालं, सरांची सही झाली की वर्ड फाइलची एक कॉपी करा, त्या कॉपीत झोटेरोच्या टॅबवर अनलिंक सायटेशन्स दाबा, मग सगळं साधं टेक्स्ट होतं. मराठी नोंदी वर घ्या, & च्या जागी "आणि" टाका. मूळ फाइल अनलिंक करू नका, ती तशीच ठेवा, व्हायव्हानंतर दुरुस्त्या निघाल्या तर तीच लागते.

कोरा_चहा

हे अनलिंकचं मला माहिती नव्हतं. माझ्या पुतणीला पाठवतो हा धागा, तिचं रजिस्ट्रेशन झालंय आत्ताच.