सेन्सर बदलण्याआधी खिडकी बघा
आऱ्यांच्या पुलीचा कोनीय वेग (फिरण्याचा वेग) फोटोगेटने मोजताना रीडिंग मध्येच उड्या मारतं, असं तुम्ही विचारलंय. (फोटोगेट म्हणजे प्रकाशकिरण आणि समोर डिटेक्टर असलेला सेन्सर; पुलीचा आरा किरणाआड आला की तो एक पल्स, म्हणजे एक खूण, पाठवतो.) बेअरिंगला तेल द्या, नाहीतर सेन्सरच बदला, असं वर दोघांनी सुचवलंय. बेअरिंगचं पटत नाही. घर्षण वाढलं तर कोनीय वेग हळूहळू उतरतो. १२ रेडियन प्रति सेकंदावरून एकदम ६ आणि पुढच्या रीडिंगला परत १२, असं घर्षण करत नाही. बरोब्बर निम्मा आकडा म्हणजे मधला एक पल्स गळलाय. सॉफ्टवेअर दोन आऱ्यांचा वेळ एकाच आऱ्याचा धरतं, आणि त्यावरून त्वरण काढलं की आलेखात ते भलेमोठे सुळके उठतात.

आता पल्स गळतो कशाने? फोटोगेट इन्फ्रारेडवर चालतो, आणि उन्हात इन्फ्रारेड भरपूर. साध्या काचेतूनही ते आत येतं. इथे नाशकात गंगापूर रोडच्या एका कॉलेजात लॅबच्या खिडक्या पश्चिमेला आहेत. सकाळच्या बॅचचा मोमेंट ऑफ इनर्शिया (फिरण्यातल्या बदलाला वस्तूचा विरोध, तो याच रीडिंगवरून काढतात) छान यायचा, दुपारच्या बॅचची बोंब. (ओरडा मात्र पोरांना, नीट करत नाहीत म्हणून.) तिरपं ऊन थेट डिटेक्टरवर पडायचं, आरा आडवा आला तरी त्याला अंधार मिळायचाच नाही. काळ्या कार्डपेपरची बोटभर नळी करून डिटेक्टरवर बसवली, सुळके गायब. तुमचा चढउतार दर फेरीत त्याच जागी येत असेल तर मात्र ऊन नव्हे, आऱ्यांमधलं अंतर असमान आहे. पुली दहा आऱ्यांची असेल तर पूर्ण फेरीचा, म्हणजे दहा पल्सचा वेळ धरा.