समुद्राची गाज की गर्जना?

किनारपट्टी: कॅनडातले संगीतकार मरे शेफर यांच्या विचारांवरच्या लेखाचं भाषांतर करते आहे. प्रत्येक जागेचं एक 'साउंडस्केप' असतं आणि त्यात एक 'कीनोट साउंड' असतो, असं ते मांडतात. म्हणजे अखंड चालू असलेला, सवयीमुळे जाणवेनासा झालेला आवाज. समुद्रकाठी तो लाटांचा. तिथे मी 'समुद्राची गाज' लिहिलं. संपादकांनी खोडून 'गर्जना' केलं. गाज हिंदी आहे आणि तिचा अर्थ वीज, असं म्हणाले. मी देवगडची. गाज ऐकतच लहानाची मोठी झाले. गर्जना सुरू होते आणि संपते, गाज संपत नाही. तर गाज मराठी नाही का? आणि 'कीनोट साउंड'ला काय म्हणू?

मूळ_शोधू: अस्सल मराठी आहे. सर्प-सप्प-साप, कर्म-कम्म-काम, तसंच गर्ज-गज्ज-गाज. हिंदीतली कोसळणारी 'गाज'ही याच मुळाची, पण म्हणून आपली परकी होत नाही. 'गाजावाजा'तला गाजा तोच. सभा गाजते तेव्हाही ती आधी आवाजाने भरते, कीर्ती नंतरची.

अनुस्वार: व्युत्पत्ती मान्य. पण लेख फक्त कोकणासाठी आहे का? गर्जना चंद्रपुरातही कळते. प्रमाण लेखनात सगळ्यांना कळणारा शब्द हवा.

सुकाणू: कळत नसेल तर कळू द्या की! शब्द वापरलाच नाही तर कळणार कसा? माझे आजोबा मृगाच्या आधी पहाटे अंगणात उभे राहून गाज कुठल्या अंगाने येते ते ऐकायचे. आभाळ निरभ्र असलं तरी 'गाज जड झाली' म्हणाले की होडी वर ओढायची. दूरवर वारा उठला की त्याच्या लांब लाटा ढगांच्या आधी किनाऱ्याला लागतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्यांना ते कानांनी माहीत होतं. 'गर्जना जड झाली' असं म्हणून बघा.

जवारी: दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: खर्ज. हा शब्द 'षड्ज'वरूनच आला. तानपुऱ्याची ती जाड तार आपण मुद्दाम ऐकत नाही, पण गाणं उभं तिच्यावर असतं. गाज म्हणजे किनाऱ्याचा खर्ज. तसंही आपल्याकडे स्वर आधी रानात ऐकले. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरीला 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात मोर षड्ज बोलतो, चातक ऋषभ, कोकिळ पंचम.

अनुस्वार: खर्ज म्हणजे खालचा स्वर. रात्री रातकिड्यांची किरकिर हाच त्या जागेचा 'कीनोट' असतो, आणि ती तर टिपेला. तिला खर्ज कसं म्हणणार? 'आधारध्वनी' म्हणा.

जवारी: हा मुद्दा बिनतोड आहे. तरी 'आधारध्वनी' पाठ्यपुस्तकी वाटतो, त्यात कान नाही.

मूळ_शोधू: चातकाबद्दल थोडं. 'नारदी शिक्षा' या जुन्या संस्कृत ग्रंथात ऋषभ गाईबैलांचा आहे. 'ऋषभ' म्हणजेच बैल, तेव्हा मला तीच परंपरा पटते.

सुकाणू: आणि धैवत? आम्हाला गाण्याच्या बाईंनी बेडूक शिकवला होता, बहीण म्हणते घोडा.

मूळ_शोधू: रत्नाकरात बेडूक, नारदी शिक्षेत घोडा. दोघी बरोबर.

जवारी: पण बेडूक एका सुरात कुठे ओरडतो? पहिल्या पावसानंतर आमच्या विहिरीत दोन बेडूक सवालजवाब करायचे. एक थांबला की दुसरा, लय चुकायची नाही. मला त्यांच्यात सूर कधी सापडला नाही, ताल मात्र पक्का.

किनारपट्टी: सगळ्यांचे आभार. गाज ठेवते, संपादकांशी बोलेन. पण 'कीनोट साउंड' अजून अडलेलाच आहे. आणि 'साउंडस्केप'ला 'ध्वनिदृश्य' चालेल का? दिसत तर काहीच नाही.

सागवन: मी अनुस्वार म्हणतात त्या चंद्रपूरचा. 'गाज' आज पहिल्यांदा वाचला आणि लगेच कळला. आमच्याकडे समुद्र नाही, पण उन्हाळाभर सागाची वाळकी पानं खाली पडून असतात. त्यांच्यावर वळवाचे टपोरे थेंब पडतात तेव्हा सगळं रान ताशासारखं वाजतं. त्या आवाजाला कुणाकडे शब्द आहे का?

सुकाणू: तडतड?

सागवन: नाही, तडतड लाह्यांची. हा आवाज रुंद असतो.